पाठीवर यान घेतलेलं विमान, आणि त्याआधीचं खेळणं

ते चित्र तुम्ही नक्की पाहिलं असणार. एक अवाढव्य बोइंग ७४७ आकाशात चाललंय आणि त्याच्या पाठीवर अख्खं स्पेस शटल बसलंय. शाळेत असताना कुठल्याशा वहीच्या कव्हरवर मी ते पहिल्यांदा पाहिलं होतं. आमच्या वर्गाचं तेव्हा एकमत होतं की हे खोटं आहे, कोणीतरी दोन फोटो चिकटवलेत. विमानाच्या पाठीवर विमान? काहीतरीच काय!

ते खोटं नव्हतं हे कॉलेजात कळलं. पण आमचा तो "काहीतरीच काय" एवढा बावळट नव्हता, हे मात्र अलीकडेच कळलं. कारण १९७० च्या दशकात खुद्द नासातल्या शहाण्यासुरत्या इंजिनिअर मंडळींचीही या कल्पनेवर साधारण हीच प्रतिक्रिया होती. आणि त्यांना पटवायला जॉन किकर नावाच्या त्यांच्यातल्याच एकाने चक्क रिमोट कंट्रोलवर उडणारं ७४७ आणि त्याच्या पाठीवर बसणारं यान बनवलं. किट आणून जोडलेलं नाही, स्वतः बनवलेलं.

मध्यंतरी त्या मॉडेलची जुनी फिल्म बघण्यात आली. छोटं ७४७ उडतंय, पाठीवर छोटं यान. एका क्षणी यान सुटतं, विमान खाली राहतं आणि यान तरंगत जमिनीकडे निघतं. बस्स, एवढंच. पण मी ती सहा-सात वेळा बघितली. मग शनिवार-रविवार त्याच्या मागचा इतिहास वाचण्यात गेला. तोच आज इथे टाकतोय.

मुळात पाठीवर का?

स्पेस शटल रॉकेटसारखं वर जातं आणि ग्लायडरसारखं खाली येतं. खाली येताना त्याला इंजिनाची ताकद नसते. उतरायला जागा कुठली, तर सुरुवातीच्या काळात प्रामुख्याने कॅलिफोर्नियातला एडवर्ड्स हवाई तळ. तिथे सुकलेल्या तलावांचं मैलोन् मैल सपाट मैदान आहे. उडायची जागा कुठली, तर फ्लोरिडा. म्हणजे अमेरिकेचं पार दुसरं टोक, साडेतीन-चार हजार किलोमीटर लांब. यान ३७ मीटर लांब, पंख २४ मीटर रुंद. हे रस्त्याने कसं न्यायचं? १९७७ च्या जानेवारीत 'एंटरप्राइज' हे पहिलं यान पामडेलच्या कारखान्यातून एडवर्ड्सला रस्त्यानेच नेलं, पण ते अंतर ६० किलोमीटरच्या आत. अख्खा देश असा ओलांडणं शक्यच नव्हतं.

सुरुवातीचा बेत असा होता की यानालाच जेट इंजिनं लावायची आणि ते स्वतःच उडत जाईल. पण इंजिनं आली म्हणजे इंधन आलं, टाक्या आल्या, वजन आलं. हिशोब जमेना, बेत बारगळला. मग दुसऱ्या कोणीतरी ते वाहून न्यायचं ठरलं. 'सुपर गप्पी'वाले जॉन कॉनरॉय यांनी दोन धडांचं एक राक्षसी विमान सुचवलं होतं, ज्याच्या मधल्या पंखाखाली यान लटकेल. लष्कराचं सी-५ गॅलेक्सी हाही पर्याय होता. पण त्याचे पंख धडाच्या वरच्या बाजूला आणि आडवं शेपूट उभ्या शेपटाच्या टोकावर, इंग्रजी टी अक्षरासारखं. शिवाय ते हवाई दलाच्याच मालकीचं राहणार. ७४७ चे पंख खालच्या बाजूला, पाठ मोकळी, आणि बाजारात वापरलेलं विकतही मिळत होतं. १९७४ मध्ये नासाने अमेरिकन एअरलाइन्सकडून एक घेतलं.

इथपर्यंत ठीक. वाहून न्यायचंय, बांधा आणि न्या. पण खरी मेख पुढेच आहे. हे यान इंजिनाशिवाय नीट उतरतं का, हे अंतराळात पाठवायच्या आधी तपासायला हवं होतं. त्यासाठी ते उंचावर नेऊन सोडायला हवं. आजवर नासाने प्रायोगिक विमानं सोडली होती ती पंखाखालून. एक्स-१५ बी-५२ च्या पंखाखालून सुटायचं. खालून सोडलं की काम सोपं, गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने असतं. इथे सोडायचं होतं वरून. आणि वरून सुटलेलं यान जरा मागे सरकलं की तिथे ७४७ चं उभं शेपूट उभंच आहे.

भीती खरी होती

ही भीती पुस्तकी नव्हती. ३० जुलै १९६६ रोजी नेमका असाच अपघात झाला होता. लॉकहीडच्या एम-२१ या विमानाच्या पाठीवरून डी-२१ नावाचा मानवरहित ड्रोन सोडायचे प्रयोग चालू होते, तेही आवाजाच्या तिप्पट वेगाला. तीन वेळा जमलं. चौथ्या वेळी ड्रोन सुटला आणि खालच्याच विमानावर आदळला. विमानाचे तुकडे झाले. वैमानिक बिल पार्क आणि मागे बसलेले रे टॉरिक दोघेही बाहेर पडले, समुद्रात उतरले. पार्क वाचले, टॉरिक बुडाले. लॉकहीडच्या केली जॉन्सन यांनी त्यानंतर पाठीवरून सोडणं कायमचं बंद केलं आणि ड्रोन बी-५२ च्या पंखाखाली गेला. हा सगळा प्रकार त्या काळी गुप्त होता, त्यामुळे नासात नेमकं किती जणांच्या कानावर आलं असेल ते सोडून देऊ. पण भौतिकशास्त्र काही गुप्त नव्हतं.

बरं, उलट बाजूचाही पुरावा होता. १९३८ मध्ये ब्रिटनमध्ये 'मेया' नावाच्या मोठ्या उडत्या बोटीच्या पाठीवर 'मर्क्युरी' नावाचं छोटं समुद्री विमान बसवून हवेत सोडलं होतं. कारण असं की मर्क्युरीत पुरेसं इंधन भरलं तर ते स्वतःच्या बळावर पाण्यावरून उठायचंच नाही. म्हणून मोठीच्या पाठीवर बसून वर जायचं आणि तिथून निघायचं. त्याच वर्षी जुलैमध्ये मर्क्युरीने असं सुटून अटलांटिक पार केला. म्हणजे गोष्ट अशक्य नव्हती. पण मर्क्युरीला स्वतःची चार इंजिनं होती. शटलला एकही चालू नसणार.

किकर आणि त्यांचं मॉडेल

जॉन किकर ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमधले इंजिनिअर. त्यांचं मूळ काम पॅराशूटचं. अंतराळवीरांच्या कुप्या समुद्रात अलगद उतरवणाऱ्या पॅराशूटवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. आणि छंद रिमोट कंट्रोल विमानांचा. ७४७ च्या पाठीवरून यान न्यायची कल्पना त्यांनी लावून धरली, आणि लोक मान डोलवेनात तेव्हा १/४० मापाची दोन मॉडेल्स बनवून ती उडवून दाखवली.

१/४० म्हणजे किती, ते जरा कॅल्क्युलेटरवर करून बघू. खऱ्या ७४७ चा पंखविस्तार जवळपास ६० मीटर, म्हणजे मॉडेलचा दीड मीटर. लांबी साधारण पावणेदोन मीटर. यान ९३ सेंटिमीटर लांब, पंख ६० सेंटिमीटर. घरातल्या डायनिंग टेबलवर ७४७ मावणार नाही, शेपूट बाहेर येईल. आजच्या छंदिष्टांच्या मानाने हे राक्षसी वगैरे नाही, पण पाठीवर दुसरं विमान घेऊन उडायचंय हे विसरू नका.

आता वजन. इथे खरी गंमत आहे. लांबी ४० पट कमी केली की वजन ४० पट कमी करून भागत नाही. आकारमान लांबी-रुंदी-उंची तिन्हीत कमी होतं, म्हणून वजन ४० × ४० × ४०, म्हणजे ६४,००० पट कमी व्हायला हवं. तरच मॉडेल खऱ्यासारखं वागेल. एंटरप्राइजचं वजन साधारण ६८ टन. भागिले ६४,०००. उत्तर येतं एक किलोच्या जरासं वर. रिकामं ७४७ साधारण १४४ टन, म्हणजे सव्वादोन किलो. म्हणजे काटेकोर प्रमाणात राहायचं तर पावणेदोन मीटर लांबीचं, इंजिन, इंधन, बॅटरी, रेडिओ, सर्व्हो मोटरी सगळं धरून सव्वादोन किलोच्या आसपासचं विमान. आणि हे सगळं १९७० च्या दशकातल्या वजनदार बॅटऱ्या आणि रेडिओ घेऊन! तेव्हा आजच्यासारखी लिथियम बॅटरी नव्हती की हातात मावणारं जेट इंजिन नव्हतं. मॉडेलवाल्यांचं इंजिन म्हणजे ग्लो इंजिन. मेथॅनॉल आणि एरंडेल तेलाचं मिश्रण पिणारं, कर्कश ओरडणारं, आणि उडून आल्यावर अख्खं विमान तेलकट करून ठेवणारं.

ज्यांनी कधी मॉडेल केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, असं विमान शून्यापासून बनवायचं म्हणजे आधी खऱ्या विमानाची ड्रॉइंग्ज मिळवायची, ती मापात आणायची, धडाचे आडवे छेद कापायचे, त्यांना बाल्साच्या पट्ट्या चिकटवायच्या, वर कातडं चढवायचं. पंखाचा आकार दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखा यायला हवा, नाहीतर विमान जन्मभर एका कुशीवर कलतं. आणि सगळ्यात महत्त्वाचा गुरुत्वमध्य. तो जरा मागे गेला की विमान उडता उडता शेपटावर बसतं. शेपटाकडे वाढवलेला प्रत्येक ग्रॅम पुढे नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं मागतो, आणि मग वजनाचा सगळा हिशोब पुन्हा पहिल्यापासून.

किकरना तर हा हिशोब तीनदा जमवायचा होता. एकट्या ७४७ चा, एकट्या यानाचा, आणि दोघांच्या जोडीचा. त्यात पुन्हा यान सुटल्याच्या क्षणी जोडीचा गुरुत्वमध्य एकदम खाली उडी मारतो, आणि ७४७ तरीही आपल्या हातात राहायला हवं.

पहिलं उड्डाण

मी स्वतः बनवलेलं पहिलं मॉडेल (साधं थर्माकोलचं, कौतुक करण्यासारखं काही नाही) अकरा सेकंद उडालं होतं. एका मित्राने मोबाईलवर शूट केलं म्हणून आकडा नक्की माहीत आहे. दोन महिन्यांचे रविवार, अकरा सेकंद. त्यामुळे पहिल्या उड्डाणाआधी पोटात काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. ट्रान्समीटर घेऊन लांब चालत जायचं आणि तिथून सुकाणू हलतंय ना ते बघायचं. पंख उलटे हलत नाहीत ना ते बघायचं. पुन्हा बघायचं. वारा बघायचा. मग एकदा सोडलं की सोडलं. सॉफ्टवेअरसारखं अनडू नाही.

मॉडेल उडवणं खऱ्या विमानापेक्षा सोपं, असा एक समज असतो. तसं अजिबात नाही, आणि त्याचं कारणही मापातच आहे. प्रमाणात वजन असलेलं १/४० मॉडेल हुबेहूब खऱ्यासारखं वागतं, पण त्याचं घड्याळ वेगळं चालतं. ४० चं वर्गमूळ साधारण ६.३. म्हणजे खरं यान ५०० किलोमीटर वेगाला सुटणार असेल तर मॉडेल ८० ला सुटतं. आणि जे खऱ्या विमानात सहा सेकंदांत घडतं ते मॉडेलमध्ये एका सेकंदात घडून जातं. यान सुटून शेपटावरून पार होण्याचा जो क्षण, तो खऱ्या वैमानिकाला जेवढा मिळणार, त्याच्या सहाव्या हिश्शापेक्षाही कमी वेळ जमिनीवर उभ्या माणसाला मिळतो. तोही विमानात न बसता, लांबून, मान वर करून.

मग यान सुटतं कसं? युक्ती ऐकायला अगदी साधी आहे. यान पाठीवर आडवं ठेवायचंच नाही. पुढचा खांब उंच ठेवायचा, म्हणजे यानाचं नाक कायम थोडं वर. जसजसा वेग वाढतो तसतसे यानाचे पंख स्वतःच उचल घ्यायला लागतात. आता ७४७ ने नाक किंचित खाली करून सूर मारायचा. एक वेळ अशी येते की यान पाठीवर बसलेलं नसतं, तर खांबांना धरून वर ओढत असतं. त्या क्षणी कड्या सोडायच्या. यान वर जातं, ७४७ खाली. म्हणजे यान "सोडत" नाहीतच. यानच विमानाला सोडतं.

किकरच्या मॉडेलने नेमकं हेच करून दाखवलं. खरी जोडी उडायच्या आधी खेळण्यातली जोडी उडाली, सुटली, आणि यान शेपटाला न शिवता पार झालं.

पण याने सिद्ध काय झालं?

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. काटेकोर उत्तर द्यायचं तर फार काही नाही. वजन आणि वेग प्रमाणात आणता येतो, हवा प्रमाणात आणता येत नाही. हवेचे रेणू काही ४० पट लहान करता येत नाहीत. पंखावरून हवा कशी वाहते हे ठरवणारा एक आकडा असतो, रेनॉल्ड्स क्रमांक. या मॉडेलमध्ये तो खऱ्यापेक्षा सुमारे २५० पट लहान येतो. म्हणजे मॉडेलभोवतीची हवा जणू जास्त दाट, जास्त चिकट. मॉडेलने मोजलेला एकही आकडा थेट खऱ्या विमानाला लावता येणार नाही. आकड्यांसाठी विंड टनेल होते, महिनोन् महिने चाचण्या होत्या, बोइंगच्या आणि नासाच्या इंजिनिअरांची गणितं होती. यानाच्या पाठीमागून येणारी विस्कटलेली हवा ७४७ च्या शेपटावर आदळते, म्हणून त्याच्या आडव्या शेपटाच्या दोन टोकांना दोन उभे पंख जादा लावले, यानाच्या बोथट मागच्या बाजूला निमुळती टोपी घातली. हे सगळं त्या गणितांनी दिलं.

मग मॉडेल कशाला? मला वाटतं, विंड टनेलमध्ये दोन्ही मॉडेल्स दांडीला पकडलेली असतात. प्रत्येक ठिकाणचं बळ अचूक मोजता येतं, पण तिथे कोणी सुटत नाही, कोणी पडत नाही. हे सगळे सुटे आकडे एकत्र आल्यावर दोन्ही विमानं हवेत नेमकी कशी वागतील, हा प्रश्न तसाच डोक्यात राहतो. किकरनी तो प्रश्न डोक्यातून काढून आकाशात नेला. शंका घेणाऱ्याला आता "मला नाही वाटत" एवढं म्हणून भागणार नव्हतं. हे उडलेलं दिसतंय, आता कुठे चुकतंय ते दाखव, असं झालं.

आणि नासात ही पद्धत नवीन नव्हती. १९६२ मध्ये एडवर्ड्सच्या डेल रीड यांनी पंखच नसलेल्या, अर्ध्या कापलेल्या बटाट्यासारख्या यानाचं मॉडेल बनवलं होतं. ते रिमोट कंट्रोल विमानाने ओढून वर न्यायचं आणि सोडायचं. त्याची फिल्म त्यांच्या पत्नीने, डोना यांनी, घरच्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्याने घेतली. ती घरगुती फिल्म बघून केंद्राचे संचालक पॉल बिकल यांनी प्रकल्पाला हिरवा कंदील दिला. त्यातून एम२-एफ१ नावाचं लाकडी यान तयार झालं. ते आधी एका पॉन्टिॲक गाडीने सुकलेल्या तलावावर ओढलं आणि ऑगस्ट १९६३ मध्ये विमानामागे बांधून खरंच आकाशात नेलं. पंखांविना, इंजिनाविना उतरता येतं हा विश्वास पुढे शटलपर्यंत पोचला, त्याची सुरुवात एका खेळण्यापासून आणि एका होम व्हिडिओपासून झाली होती.

खरी जोडी

१८ फेब्रुवारी १९७७. फिट्झ फुल्टन आणि टॉम मॅकमर्ट्री या वैमानिकांनी ७४७ उचललं, पाठीवर रिकामं एंटरप्राइज. अशी पाच उड्डाणं कोणालाही यानात न बसवता झाली. मग तीन उड्डाणं माणसं बसवून, पण न सुटता. एकेक पायरी, घाई नाही.

आणि १२ ऑगस्ट १९७७. यानात फ्रेड हेज आणि गॉर्डन फुलर्टन. हे हेज म्हणजे अपोलो १३ मधलेच, त्यामुळे संकट या माणसाला नवीन नव्हतं. त्या दोघांना उडून बाहेर पडणाऱ्या खुर्च्या होत्या. खाली ७४७ मध्ये चार जण, त्यांना तशा खुर्च्या नव्हत्या. त्यांच्यासाठी कॉकपिटपासून विमानाच्या पोटापर्यंत एक घसरगुंडी केली होती. शेपूट तुटलंच तर पॅराशूट बांधून घसरत खाली यायचं आणि बाहेर पडायचं. अशी घसरगुंडी बसवली, याचाच अर्थ शेपटाची शंका शेवटपर्यंत कोणाच्याही मनातून पूर्ण गेलेली नव्हती.

सुमारे २४,००० फुटांवर ७४७ ने सूर मारला. हेजनी बटण दाबलं, स्फोटक बोल्ट फुटले, यान वर उचललं गेलं आणि उजवीकडे वळलं. ७४७ डावीकडे. शेपूट जागच्या जागी. थोडक्यात, मॉडेलने जे केलं तेच.

गंमत बघा, नेमकं सुटण्याच्या क्षणी यानातल्या कंप्युटरांपैकी एक बंद पडला. बाकीच्यांनी त्याला बाजूला काढलं आणि काम चालू ठेवलं. साडेपाच मिनिटांच्या आत यान तलावाच्या मैदानावर उतरलं. ऑन-कॉल ड्युटी केलेल्या कोणालाही हे वाचून हेजबद्दल आपुलकी वाटेल. बटण दाबलं आणि अलार्म वाजला. सगळ्यांचंच होतं हे.

जे मॉडेलला कळलंच नसतं

गोष्ट इथे संपवली असती तर छान शेवट झाला असता. पण पाचवं उड्डाण राहिलंय, आणि माझ्या मते खरा धडा तिथे आहे.

२६ ऑक्टोबर १९७७. या वेळी मागची निमुळती टोपी काढलेली, म्हणजे यान अंतराळातून येईल तसंच. आणि उतरायचं तलावाच्या अफाट मैदानावर नाही, तर पहिल्यांदाच काँक्रीटच्या धावपट्टीवर. बघायला प्रिन्स चार्ल्स आलेले. सुटणं नेहमीप्रमाणे निर्विघ्न. सगळं उड्डाण जेमतेम दोन मिनिटांचं. पण टेकायच्या वेळी यान डुलायला लागलं. नाक वर, नाक खाली. हेज दुरुस्ती करायचे आणि यान उलटं जास्त डुलायचं. टेकलं, उसळलं, बाजूलाही कललं. शेवटी त्यांनी हात जरा सैल सोडला आणि मग ते शांत होऊन उतरलं.

कारण काय? शटलमध्ये वैमानिकाची दांडी पंखांना तारांनी जोडलेली नव्हती. ती कंप्युटरला सांगायची आणि कंप्युटर पंख हलवायचा. या मधल्या प्रवासात सेकंदाचा काही अंश जायचा. वैमानिक दांडी ओढतो, काही होत नाही, म्हणून आणखी ओढतो, तोवर पहिलं ओढणं लागू होतं, मग तो घाबरून उलट ढकलतो... थंडीत गिझरचा नळ फिरवताना होतं ना, आधी थंडगार आणि मग एकदम चटका, तेच. पुढे नासाने एफ-८ या प्रायोगिक विमानात मुद्दाम असा उशीर घालून त्याचा अभ्यास केला, आणि शटलच्या सॉफ्टवेअरमध्ये असं डुलणं दाबणारा एक फिल्टर टाकला. १९८१ मध्ये 'कोलंबिया' पहिल्यांदा अंतराळातून आलं तोवर हे झालेलं होतं.

हा दोष किकरच्या मॉडेलमध्ये दिसण्याची शक्यता शून्य होती. त्यात तो कंप्युटरच नव्हता. मॉडेलला विचारलेला प्रश्न एकच होता, यान शेपटाला न लागता सुटतं का? त्याचं उत्तर त्याने चोख दिलं. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे असण्याचं कारणच नाही.

मला हे इतकं लागलं, कारण माझ्या हातून हेच झालंय. ऑफिसात एकदा मी एका फीचरचा डेमो करून दाखवला. छोटा डेटा, माझाच लॅपटॉप, सगळं लख्ख. टाळ्याबिळ्या. "चालतंय की!" म्हणून सगळे खूश, मीही. प्रत्यक्ष वापरात गेल्यावर दोन सर्व्हरांमधल्या उशिराने सगळं डुलायला लागलं. उत्तर आलं नाही म्हणून प्रोग्रॅम पुन्हा विचारणार, त्याने सर्व्हरवरचा भार वाढणार, उत्तर अजून उशिरा येणार. अगदी हेजची दांडी! त्या वेळी मला वाटलं होतं की डेमो करणंच चुकलं. आता वाटतं, डेमो बरोबरच होता. त्याने एका प्रश्नाचं खरं उत्तर दिलं होतं. ते उत्तर सगळ्याच प्रश्नांना लावलं, ही चूक माझी.

नासाने ती चूक केली नाही. मॉडेल उडालं म्हणून कोणी दुसऱ्या दिवशी हेजना यानात बसवलं नाही. रिकामी पाच, बसून तीन, सुटून पाच, आणि त्या शेवटच्या पाचांतल्याही शेवटच्यात दोष सापडला. सापडावा म्हणूनच तर ती उड्डाणं होती. तरीही हे सगळं सुरू व्हायला आधी कोणीतरी दीड मीटर पंखांचं विमान बनवून "हे बघा" म्हणायला हवं होतं.

असो. तेच ७४७ पुढे अनेक वर्षं शटल वाहत राहिलं. त्याच्या पाठीवरच्या खांबाजवळ कोणा खट्याळ माणसाने सूचना लिहून ठेवली होती की यान इथे जोडावे, काळी बाजू खाली. २०१२ मध्ये शेवटची यानं संग्रहालयांत पोचवून त्याची जोडीदार विमानासह निवृत्ती झाली. २०१६ पासून ते ह्यूस्टनच्या स्पेस सेंटरमध्ये लोकांना बघायला खुलं आहे, पाठीवर यानाची पूर्ण मापाची प्रतिकृती घेऊन. म्हणजे पुन्हा पाठीवर मॉडेलच! एंटरप्राइज २०१२ पासून न्यूयॉर्कमध्ये 'इंट्रेपिड' या जुन्या विमानवाहू जहाजावर आहे. ऑनसाइट गेलात तर दोन्ही बघून या, आणि फोटो मलाही पाठवा.

माझं थर्माकोलचं विमान कपाटावर पडलंय, एक पंख मोडलेला. या रविवारी ते खाली काढणार आहे. या वेळी एकच प्रश्न विचारायचा ठरवलंय, ते सरळ जातं का. वळायचं पुढच्या रविवारी बघू. :-)